लिखित नियम आणि रूढ व्यवहार : २३ सप्टेंबर १९०८ चा न्यूयॉर्क-शिकागो बेसबॉल सामना

१

शास्त्राचे वचन आणि लोकांचा आचार यांत जे अंतर असते ते मोजणे हे इतिहासकाराचे एक जुने काम आहे. "शास्त्राद् रूढिर्बलीयसी" ही उक्ती महाराष्ट्रात धर्मनिर्णयाच्या प्रसंगी वारंवार उच्चारली गेली, आणि पेशवेकालीन महजर व निवाडपत्रे वाचणाऱ्या अभ्यासकास तिचा प्रत्यय पदोपदी येतो. लेखी विधान एक सांगते, चालत आलेली वहिवाट दुसरेच सांगते. आणि वाद उपस्थित होईपर्यंत या दोहोंतील विसंगती कोणाच्या ध्यानातही येत नाही. हा प्रश्न न्यायसभेपुरता मर्यादित नाही. जेथे नियम लिहून ठेवलेले आहेत आणि माणसे एकत्र येऊन व्यवहार करतात, अशा प्रत्येक ठिकाणी तो संभवतो. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या इतिहासात २३ सप्टेंबर १९०८ रोजी न्यूयॉर्क येथे झालेला एक सामना या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

लोकप्रिय कथनात हा सामना "मर्कलची घोडचूक" या नावाने ओळखला जातो. एकोणीस वर्षांच्या एका खेळाडूच्या गाफीलपणामुळे न्यूयॉर्कने हातातोंडाशी आलेले अजिंक्यपद गमावले, असा त्या कथनाचा मथितार्थ आहे. हे कथन कितपत ग्राह्य मानावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. घटनाक्रम व साधने यांची छाननी केली असता असे दिसते की, फ्रेड मर्कलने त्या दिवशी जे केले ते तत्कालीन खेळाडूंच्या सर्वमान्य रिवाजास धरूनच होते. बदल झाला तो नियमाच्या अंमलबजावणीत. आणि त्या बदलाची सारी किंमत मात्र एका तरुणास मोजावी लागली.

२

घटनेचे मर्म कळण्यासाठी खेळाची थोडी माहिती आवश्यक आहे. बेसबॉलच्या मैदानात चौकोनाच्या चार कोनांवर चार स्थाने असतात. फलंदाज चौथ्या स्थानाजवळ, म्हणजे "होम"जवळ उभा राहून चेंडू टोलवितो, आणि पहिला, दुसरा व तिसरा असे तीन "बेस" क्रमाने शिवून पुन्हा होमला पोहोचला म्हणजे त्याच्या संघाची एक धाव होते. प्रत्येक डावात तीन खेळाडू बाद झाले की त्या संघाची पाळी संपते. असे नऊ डाव खेळले जातात व यजमान संघ प्रत्येक डावात मागाहून फलंदाजी करतो. एका बेसवर एका वेळी एकाच धावकाला थांबता येते. त्यामुळे फलंदाज टोला मारून पहिल्या बेसकडे निघाला की तेथे आधीपासून असलेल्या धावकास पुढचा बेस गाठणे भाग पडते. तो तेथे पोहोचण्यापूर्वी क्षेत्ररक्षकाने चेंडू हाती घेऊन तो बेस शिवला, तर धावक सक्तीने बाद ठरतो.

याच तत्त्वाला जोडून आणखी एक तरतूद १९०८ च्या नियमपुस्तकात स्पष्ट शब्दांत होती. डावातील तिसरा खेळाडू अशा रीतीने सक्तीने बाद झाला असेल, तर त्याच टोल्यावर दुसरा धावक होमला पोहोचला असला तरी त्याची धाव धरू नये, असा तिचा आशय होता. क्रिकेटशी परिचित असलेल्या वाचकास यात अपूर्व असे काही वाटणार नाही; फलंदाज धावचीत झाला असता त्या वेळी अपुरी राहिलेली धाव क्रिकेटमध्येही मोजली जात नाही.

नियम स्पष्ट होता. व्यवहार मात्र निराळा होता. शेवटच्या डावात विजयी धाव होमला पोहोचली की सामना संपला, असे खेळाडू, पंच व प्रेक्षक सारेच मानीत. मागे राहिलेले धावक पुढचा बेस शिवण्याची तसदी न घेता मैदान सोडीत. या रिवाजास व्यावहारिक कारणही होते. त्या काळी सामना संपताच प्रेक्षकांना मैदानातून चालत बाहेर पडू देण्याची पद्धत होती, आणि न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स या क्रीडांगणावर खेळाडूंच्या खोल्या मैदानाच्या दूरच्या टोकास, मध्यक्षेत्राच्या मागे होत्या. हजारो लोकांचा लोंढा आत शिरण्यापूर्वी तेथवर पोहोचणे हे खेळाडूच्या दृष्टीने साधे शहाणपण होते.

३

१९०८ चा हंगाम नॅशनल लीगच्या इतिहासात अत्यंत चुरशीचा ठरला. लीगमध्ये आठ संघ असून प्रत्येकास १५४ सामने खेळावयाचे होते. सर्वाधिक विजय मिळविणारा संघ अजिंक्यपद पटकावी व पुढे अमेरिकन लीगच्या विजेत्याशी "वर्ल्ड सिरीज" नावाची अंतिम मालिका खेळे. जॉन मॅग्रॉ याच्या व्यवस्थापनाखाली न्यूयॉर्क जायंट्सने १९०४ व १९०५ ही दोन्ही वर्षे गाजविली होती. त्यानंतरची दोन वर्षे फ्रँक चान्सच्या शिकागो कब्सची होती. १९०६ मध्ये या संघाने ११६ सामने जिंकले होते. दोन महानगरांचा अभिमान, दोन करारी व्यवस्थापक आणि एकाच पदावरील दावा यांमुळे या दोन संघांतील वैर खेळापलीकडे गेले होते. पिट्सबर्ग पायरेट्स हा तिसरा संघही त्या वर्षी अखेरपर्यंत स्पर्धेत राहिला.

४ सप्टेंबर १९०८ रोजी पिट्सबर्ग येथे यजमान संघ व शिकागो यांच्यात सामना झाला. धावफलक कोरा असताना दहाव्या डावात पिट्सबर्गच्या फलंदाजाने टोला मारला, फ्रेड क्लार्क तिसऱ्या बेसवरून होमला आला आणि सामना १-० असा संपला. पहिल्या बेसवरील धावक वॉरेन गिल हा रिवाजानुसार दुसरा बेस न शिवताच परतला. शिकागोचा जॉनी एव्हर्स याने चेंडू मागवून दुसरा बेस शिवला व गिल बाद असल्याचा दावा केला. त्या दिवशी हँक ओडे हा एकच पंच नेमलेला होता. त्याचे लक्ष होमकडे असल्याने गिलची हालचाल त्याने पाहिलेली नव्हती. न पाहिलेल्या गोष्टीवर निर्णय देणे अशक्य असल्याने धाव कायम राहिली. शिकागोने लीगचे अध्यक्ष हॅरी पुलियम यांच्याकडे तक्रार केली, पण ती फेटाळली गेली.

या निकालाचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. एव्हर्सचा नियमाचा अर्थ चुकीचा आहे, असे कोणीही म्हटले नव्हते. तक्रार फसली ती पुराव्याच्या अभावी. रूढी टिकली, पण तिला अधिकृत मान्यता मिळाली असे म्हणता येत नाही. तसेच नियमाप्रमाणे यापुढे निर्णय होईल, अशी सूचनाही खेळाडूंना देण्यात आली नाही. तत्त्वाचा निवाडा अशा प्रकारे लांबणीवर पडला, आणि ज्यास तो प्रश्न पक्का ठाऊक होता असा एक खेळाडू व एक पंच पुढच्या प्रसंगी पुन्हा एकत्र येणार होते.

४

२३ सप्टेंबरचा दिवस उजाडला तेव्हा जायंट्स व कब्स जवळजवळ बरोबरीत होते. आदल्याच दिवशी त्याच मैदानावर शिकागोने एकापाठोपाठ एक असे दोन सामने जिंकले होते. न्यूयॉर्कतर्फे चेंडू टाकण्यास त्यांचा सर्वश्रेष्ठ पिचर क्रिस्टी मॅथ्यूसन उभा राहिला. शिकागोतर्फे जॅक फिस्टर होता. जायंट्सचा नेहमीचा पहिल्या बेसचा खेळाडू फ्रेड टेनी कंबरदुखीने आजारी असल्याने त्याच्या जागी मर्कलला घेण्यात आले. त्या हंगामात आरंभापासून सामना खेळण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती.

पाचव्या डावात जो टिंकरने मारलेल्या टोल्यावर तो चारही स्थाने फिरून आला व शिकागोची एक धाव झाली. सहाव्या डावात न्यूयॉर्कने बरोबरी साधली. नवव्या डावाचा उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा धावसंख्या १-१ होती. पहिला फलंदाज बाद झाल्यावर आर्ट डेव्हलिन पहिल्या बेसवर पोहोचला. पुढील फलंदाज मूस मॅकॉर्मिक याच्या जमिनीलगतच्या टोल्यावर डेव्हलिन दुसऱ्या बेसवर सक्तीने बाद झाला, आणि मॅकॉर्मिक पहिल्या बेसवर सुरक्षित राहिला. त्यानंतर मर्कलने उजव्या क्षेत्रात उत्तम टोला मारला; त्यावर मॅकॉर्मिक तिसऱ्या बेसवर गेला व मर्कल पहिल्या बेसवर थांबला. दोन खेळाडू बाद झालेले होते. अशा वेळी अल ब्रिडवेलने मध्यक्षेत्रात चेंडू टोलविला आणि मॅकॉर्मिक होमला पोहोचला. न्यूयॉर्क जिंकले असे समजून प्रेक्षक मैदानात उतरले, आणि मर्कल अर्ध्या वाटेवरून वळून मध्यक्षेत्राच्या मागील खोल्यांकडे निघाला.

येथपर्यंतच्या वृत्तांतातील एका तपशिलाकडे सहसा लक्ष दिले जात नाही. सक्तीने बाद होण्याचा नियम कोणास अज्ञात नव्हता. त्याच डावात, काही मिनिटांपूर्वीच डेव्हलिन त्या नियमाने दुसऱ्याच बेसवर बाद झाला होता. मर्कलला नियम ठाऊक नव्हता हे प्रचलित स्पष्टीकरण म्हणूनच अपुरे ठरते. विजयी टोल्यानंतर तो नियम लागू केला जात नाही, ही त्याची समजूत होती, आणि एकोणीस दिवसांपूर्वी पिट्सबर्गला गिलच्या बाबतीत ती प्रत्यक्षात खरी ठरली होती.

एव्हर्सने पुन्हा चेंडूची मागणी केली. मध्यक्षेत्रातून सॉली हॉफमनने चेंडू फेकला. त्यानंतरच्या क्षणांविषयी मात्र साधनांत एकवाक्यता नाही.

५

तिसऱ्या बेसजवळ मार्गदर्शक म्हणून उभा असलेला जायंट्सचा पिचर जो मॅकगिनिटी याने शिकागोच्या खेळाडूंशी झटापट करून चेंडू गर्दीत भिरकावला, असे अनेक वृत्तांत सांगतात. एव्हर्सच्या बाजूच्या कथनानुसार तोच चेंडू प्रेक्षकांकडून परत मिळविण्यात आला व अखेर त्याच्या हाती पोहोचला. न्यूयॉर्ककडील मंडळींच्या मते एव्हर्सने जो चेंडू हाती धरून दुसरा बेस शिवला तो सामन्यातील चेंडूच नव्हता. मर्कलने अखेरीस परत येऊन बेस शिवला होता, असेही न्यूयॉर्कच्या बाजूने प्रतिपादन करण्यात आले. बेसजवळच्या हालचालींवर नजर ठेवणारा दुसरा पंच बॉब एम्स्ली हा ब्रिडवेलचा टोला चुकविताना जमिनीवर पडला होता व त्याने स्वतः काही पाहिले नव्हते. मात्र होममागे उभा असलेल्या ओडेने या वेळी नजर दुसऱ्या बेसकडे ठेवली होती. दोघांच्या विचारविनिमयानंतर मर्कल बाद व धाव अग्राह्य असा निर्णय झाला. मैदान गर्दीने व्यापलेले होते व अंधार पडू लागला होता. सामना पुढे चालविणे शक्य नसल्याने तो १-१ असा बरोबरीत सुटल्याचे ठरले.

या परस्परविरोधी साक्षींचे मूल्यमापन करताना काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. न्यूयॉर्क व शिकागो येथील वृत्तपत्रे आपापल्या नगराच्या संघाची कैवारी होती. त्यांचे वृत्तांत समकालीन असले तरी तटस्थ नाहीत. एव्हर्सने ह्यू फुलर्टनसह लिहिलेले 'टचिंग सेकंड' हे पुस्तक १९१० मध्ये, तर मॅथ्यूसनच्या नावाचे 'पिचिंग इन अ पिंच' १९१२ मध्ये प्रसिद्ध झाले. निकाल लागून गेल्यानंतर, आणि त्या निकालाचे समर्थन किंवा त्याविषयीचा विषाद मनात बाळगून केलेली ही कथने होत. काळ लोटतो तसतसा त्यांतील तपशील वाढत जातो, हेही लक्षणीय आहे. चेंडू कोणता होता या प्रश्नाचे निर्विवाद उत्तर उपलब्ध साधनांतून मिळत नाही. शिवाय मॅकगिनिटीसारख्या खेळात नसलेल्या व्यक्तीने चेंडू अडविला असेल, तर निर्णय त्या हस्तक्षेपाच्या आधारेही देता आला असता.

तथापि सर्व साक्षींची काटछाट करून काही गोष्टी निश्चितपणे हाती राहतात. मर्कल मैदानाच्या मध्यातून वळला. एव्हर्सने दाद मागितली. आणि ज्या पंचाने ४ सप्टेंबरला "पाहिले नाही" या कारणास्तव निर्णय नाकारला होता, त्यानेच २३ सप्टेंबरला पाहून निर्णय दिला. दोन प्रसंगांत नियम एकच, प्रश्न विचारणारा खेळाडू एकच आणि पंचही एकच होता. फरक होता तो पाहणाऱ्याच्या सावधतेत व पंचांच्या संख्येत. पहिल्या प्रसंगी एकच पंच असल्याने होम व दुसरा बेस ही दोन्ही ठिकाणे त्याच्या दृष्टीत मावली नाहीत. दुसऱ्या प्रसंगी पंच दोन होते. लिखित नियम अंमलात येण्यासाठी तो लिहिलेला असणे पुरेसे नसते. त्याचा भंग पाहणारी यंत्रणा व तो भंग पुढे मांडणारा फिर्यादी यांचीही गरज असते, ही गोष्ट यावरून स्पष्ट होते.

६

निर्णयावर दोन्ही संघांनी आक्षेप घेतला. न्यूयॉर्कचे म्हणणे असे की सामना २-१ असा जिंकलेला आहे. शिकागोचे म्हणणे असे की मैदान मोकळे ठेवण्याची जबाबदारी यजमानांची असल्याने, तसेच बरोबरीचा सामना दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळण्यास ते तयार न झाल्याने, विजय आपल्याला बहाल व्हावा. पुलियम यांनी दोन्ही दावे अमान्य करून पंचांचा निर्णय उचलून धरला. प्रकरण लीगच्या संचालक मंडळाकडे गेले. पिट्सबर्गचे बार्नी ड्रायफस यांच्या संघाचा निकालात हितसंबंध गुंतलेला असल्याने ब्रुकलिनचे चार्ल्स एबेट्स, सिनसिनाटीचे गॅरी हर्मन व बोस्टनचे जॉर्ज डोव्ही यांनी प्रकरणाचा विचार केला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी बरोबरी कायम ठेवली व आवश्यकता पडल्यास सामना पुन्हा खेळवावा असे ठरविले.

ती आवश्यकता पडली. हंगामाच्या अखेरीस जायंट्स व कब्स यांचे प्रत्येकी ९८ विजय व ५५ पराभव झाले होते. ८ ऑक्टोबर १९०८ रोजी पोलो ग्राउंड्सवर प्रचंड गर्दीत फेरसामना झाला. फिस्टर पहिल्याच डावात अडखळल्याने मॉर्डेकाय ब्राउनने चेंडू हाती घेतला व शिकागोने ४-२ असा विजय मिळविला. अंतिम तक्त्यात शिकागोचे ९९ विजय व ५५ पराभव, तर न्यूयॉर्क व पिट्सबर्ग यांचे प्रत्येकी ९८ विजय व ५६ पराभव नोंदले गेले. २३ सप्टेंबरचा सामना न्यूयॉर्कच्या पदरी टाकला गेला असता, तर फेरसामन्याचे कारणच उरले नसते आणि जायंट्स ९९-५५ व कब्स ९८-५६ असा नेमका उलटा हिशोब झाला असता. शिकागोने पुढे डेट्रॉइटला हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. त्यानंतर तो मान त्या संघाला पुन्हा मिळाला तो थेट २०१६ मध्ये.

या आकड्यांमुळेच एका चुकीने अजिंक्यपद गेले हे कथन पटण्यासारखे वाटते. परंतु कार्यकारणभावाचा असा एकेरी धागा इतिहासात क्वचितच सापडतो. त्या वादानंतरही न्यूयॉर्कला अनेक सामने खेळावयाचे होते. त्यांपैकी तीन सामन्यांत, अवघ्या पाच दिवसांच्या अवधीत, फिलाडेल्फियाच्या हॅरी कोव्हेलेस्की या नवख्या पिचरने त्यांना पराभूत केले. यांतील एकही सामना जिंकता तर फेरसामन्याचा प्रसंगच आला नसता. शिवाय ८ ऑक्टोबरची लढत मोकळी होती. ती मॅथ्यूसनसारखा पिचर असतानाही न्यूयॉर्क हरले. दुसरीकडे पिट्सबर्गच्या ९८ विजयांपैकी एक विजय ४ सप्टेंबरचा, म्हणजे गिलनेही तेच केले असता मिळालेला होता. एकाच कृतीबद्दल गिलच्या संघाला विजय मिळाला व मर्कलच्या संघाला तो नाकारला गेला. गिलचे नाव आज केवळ अभ्यासकांस ठाऊक आहे. मर्कलचे नाव मात्र पुढे कित्येक वर्षे वृत्तपत्रांतून मूर्खपणाचा पर्याय म्हणून वापरले गेले.

७

दोष ठरविण्याची ही रीत तपासण्यासारखी आहे. संघातील जुन्याजाणत्या खेळाडूंपैकी कोणी मर्कलला सावध केल्याचे दिसत नाही. पिट्सबर्गची घटना वृत्तपत्रांत येऊन गेली होती. तिच्यापासून बोध घेण्याची जबाबदारी व्यवस्थापकावर येते, संघातील सर्वांत तरुण खेळाडूवर नव्हे. मॅग्रॉने स्वतः मर्कलला कधी दोष दिला नाही; उलट त्यास संघात कायम ठेवले, आणि पुढे तो अनेक वर्षे जायंट्सचा पहिल्या बेसचा नियमित खेळाडू होता. त्याची व्यावसायिक कारकीर्द १९२६ पर्यंत चालली. विशेष म्हणजे त्यातील काही वर्षे तो शिकागो कब्सकडूनच खेळला. तरीही "बोनहेड", म्हणजे मठ्ठ डोक्याचा, ही उपाधी त्यास चिकटली ती चिकटलीच. निवृत्तीनंतर दीर्घकाळ तो या खेळापासून दूर राहिला. १९५० मध्ये जुन्या खेळाडूंच्या मेळाव्यास तो आला तेव्हा प्रेक्षकांनी त्याचे मनःपूर्वक स्वागत केले. १९५६ मध्ये त्याचे निधन झाले. ज्याच्या टोल्यावर हा सारा प्रसंग घडला त्या ब्रिडवेलने वृद्धापकाळी आठवणी सांगताना, तो टोला आपल्या हातून घडलाच नसता तर मर्कलचा छळ टळला असता, अशी खंत व्यक्त केली.

अध्यक्ष पुलियम यांचा अंत शोकजनक झाला. जुलै १९०९ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. या मृत्यूचे कारण मर्कल प्रकरणात शोधण्याची प्रवृत्ती काही लेखकांत आढळते. परंतु माणसाच्या मनोव्यथेचे मूळ एका सामन्यात दाखविणे हे मर्कलवर अजिंक्यपदाचा दोष लादण्याइतकेच धाडसाचे आहे.

सारांश, २३ सप्टेंबर १९०८ च्या सामन्यात नवा नियम निर्माण झाला नाही आणि जुना रद्दही झाला नाही. नियमपुस्तकातील शब्द सामन्यापूर्वी जे होते तेच सामन्यानंतर राहिले. तरीही त्या दिवसानंतर विजयी टोल्यावर पुढचा बेस न शिवता परतणे शहाणपणाचे राहिले नाही. लेखी तरतुदीस प्रथमच प्रत्यक्ष सत्ता प्राप्त झाली, आणि जी रूढी शास्त्राहून बलीयसी होती तिचा बळ एका संध्याकाळी सरला. ओडेचा निर्णय नियमाच्या दृष्टीने निर्दोष होता, यात शंका नाही. पण निर्णय योग्य असणे आणि ज्याच्याविरुद्ध तो गेला तो मनुष्य दोषी असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. जुन्या वहिवाटीप्रमाणे वागणाऱ्यास पूर्वसूचना न देता लेखी कायदा लागू झाल्याची उदाहरणे महसूल, वतने व जमिनीचे हक्क यांच्या इतिहासातही विपुल आहेत. त्या ठिकाणी अभ्यासक रयतेच्या अज्ञानास बोल न लावता व्यवस्थेतील बदल तपासतो. मर्कलच्या बाबतीतही तोच न्याय लावला पाहिजे.